उघडलेला पुडा परत का घेतला नाही, आणि मनीने नवं खाणं का नाकारलं

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या बारा वर्षांच्या मांजरीने, मनीने, आमच्या दुकानातल्या कोरड्या खाण्याच्या दीड किलोच्या 'सीनियर' (म्हाताऱ्या मांजरांसाठीच्या) पुड्याला तोंड लावलं नाही, घरच्यांच्या सांगण्यावरून दोन दिवस दुसरं काही दिलं नाही तरी ती हलली नाही, आणि उघडलेला पुडा आम्ही परत घेतला नाही, ही तुमची तक्रार. काटे काढलेली मांदेली आणि उकडलेलं चिकन खाऊन ती ठणठणीत होती, दुकानदार उगाच घाबरवतात, असंही तुम्ही लिहिलंय.

आधी उपासाचं. 'भूक लागली की झक मारत खाईल' हे मांजराच्या बाबतीत अजिबात करू नका. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते, जाडजूड मांजरांत तर जास्तच, आणि त्यात जीवही जातो. २४ तास काहीच खाल्लं नाही तर जुनंच खाणं द्या. तेही नाकारलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वास घेऊन मागे फिरणं, एकाच बाजूने चावणं, दाणा तोंडातून पडणं याला नखरे समजू नका. म्हाताऱ्या मांजरांत यामागे बऱ्याचदा दातांचं दुखणं असतं.

आता चिकन-मांदेली. बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मांदेली काट्यासकट असती तर ती बाजू थोडी सावरली असती. टॉरिन हे मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं पोषक द्रव्य मांसात असतं, पण उकडताना बरंचसं पाण्यात उतरतं आणि ते पाणी मोरीत जातं. टॉरिन कमी पडलं की मांजराची नजर जाते, हृदय कमजोर होऊन फुगतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियात दाखवला गेला, त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. ही कमतरता अंगावर दिसायला महिने-वर्षं लागतात, तोवर मांजर ठणठणीतच दिसतं.

पुड्यावरच्या 'सीनियर' शब्दावर मात्र फार विसंबू नका. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या आफ्को संस्थेच्या नियमांत म्हातारपणाचा वेगळा गटच नाही, तो कंपनीचा शब्द. मागच्या बाजूला 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' (पूर्ण, संतुलित आहार) लिहिलंय का ते बघा. 'कॉम्प्लिमेंटरी' (पूरक) असेल तर तो नुसता खाऊ.

मनीचं बिनसलं ते बहुधा एका दिवसात केलेल्या बदलामुळे. या वयात तीन-चार आठवडे धरून चाला. पहिले चार दिवस पाच-सहा दाणे वेगळ्या बशीत, नेहमीच्या बशीशेजारी, नुसते ठेवायचे. मग दोन दाणे कुटून ती पूड मांदेलीवर भुरभुरायची. ती खपली की दहावा हिस्सा नवं, आणि दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवायचं. अडली तर एक पायरी मागे. घाईने अर्धं-अर्धं कालवलं की मांदेलीवरूनही मन उडतं, मग दोन्ही गेलं. नव्या खाण्यात औषधाची गोळी तर कधीच लपवू नका.

दाणे माशाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. त्या पाण्यात मीठ, हळद, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. खाणं बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकंच, म्हणजे वास येतो. फ्रिजमधलं थेट दिलं तर ती नाकच मुरडणार. बशी पसरट हवी, आणि भांड्याच्या साबणाचा वास राहिलेला नको. भिजवलेलं तासाभरात उचला.

चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण १८० ते २०० कॅलरी लागतात, म्हणजे कोरडं खाणं ४५ ते ५० ग्रॅम. वाटीने नको, वजनकाट्यावर मोजा. मांदेली कायमची बंद करायची गरज नाही. दिवसाला २० ग्रॅम चालेल, तेवढ्या कॅलरींचं कोरडं मात्र कमी करा.

उघडलेला पुडा आम्ही कुणाचाच परत घेत नाही. हवा लागली की त्यातलं तेल खवट व्हायला लागतं, पावसाळ्यात दमट हवेने दाणेही सादळतात, आणि दुसऱ्याच्या मांजराला तो विकता येत नाही. तुमचा पुडा मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यात संपवा. सील न फोडलेली पाकिटं असतील तर बिल घेऊन या, बदलून देऊ.

मनीला पिंजऱ्यात घालून दर आठवड्याला वजनाला आणा, पैसे पडणार नाहीत. चार किलोत २०० ग्रॅम जरी उतरलं तरी बदल थांबवा आणि डॉक्टरांकडून किडनी व थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.

— दुकानातर्फे