अण्णांच्या छापखान्याचा एकच फोटो

आमच्याकडे छापखान्याचा एकच फोटो आहे आणि तोही खंडेनवमीचा. छपाईचं ट्रेडल मशीन रॉकेलनं पुसून लख्ख केलंय, चाकाला झेंडूची माळ, पुढ्यात नारळ आणि शेजारी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात अण्णा. वर्षाचे बाकीचे दिवस अण्णा कधी असे दिसले नाहीत. बोटांची पेरं काळी, बनियनला शाईचे डाग, कानावर पेन्सिल. पण कामाचाही फोटो काढून ठेवावा, हे तेव्हा कुणाच्या मनात येणार? फोटोग्राफर यायचा तो पूजेला.

सध्या जुन्या छापखान्यांचे फोटो खूप फिरतायत. मी रत्नागिरीच्या छापखानेवाल्याचा मुलगा, म्हणून मित्र आवर्जून पाठवतात. प्रत्येक फोटो मी मोठा करून बघतो. गंजलेलं मशीन असतं, तळहातावर चार खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, असतात. बहुतेक फोटोंत केस मात्र नसते. असली तरी रिकामी, नाहीतर सगळी अक्षरं एकत्र कोंबलेली.

केस म्हणजे खणाखणांचा लाकडी ट्रे. इंग्रजीचं काम दोन केसवर भागायचं. मराठीला आमच्याकडे चार लागायच्या, समोर आणि दोन्ही अंगांना मांडलेल्या. काना, र, त, क असे सारखे लागणारे खण हाताशी, मोठे. ज्ञ, ङ, जोडाक्षरं लांब कोपऱ्यात, छोट्या खणांत. खणांवर कुठेही नाव लिहिलेलं नसायचं. लाइट गेली तरी अण्णांचा हात थांबत नसे. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, ती अंगठ्याला लागली की खिळा सुलटा आहे हे न बघताच कळतं. स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवायच्या हातातल्या पट्टीत, अक्षरं डावीकडून उजवीकडेच लागतात, पण डोक्यावर उभी आणि उलटी. अण्णा तसा मजकूर आपण पेपर वाचतो त्या वेगानं वाचायचे.

आपलं अक्षर तीन मजली. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. काही टाइपात मात्रेचा भाग खिळ्याच्या अंगाबाहेर, शेजारच्या अक्षरावर आलेला असायचा. त्याला खालून आधार नाही, दाब जरा जास्त पडला की तेवढाच तुकडा उडायचा. जुन्या पुस्तकात अनुस्वार गळलेला दिसला की आपण मुद्रितशोधकाला बोल लावतो. पुष्कळदा त्या माणसानं तो तपासलेला असतो आणि छापता छापता शिसं मोडलेलं असतं. हे मला प्रत्येक वाचकाला सांगावंसं वाटतं.

हे तीन मजले शिशात बसवायला किती लोकांनी जन्म घातले! गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाछापावर, म्हणजे दगडावरून, पुढे त्यांनी स्वतःचे खिळे पाडले. जावजी दादाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अगदी हलक्या कामापासून शिकले, १८६४ मध्ये त्यांनी खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अण्णांना एखादी छपाई आवडली तर ते एवढंच म्हणायचे, "निर्णयसागरसारखं उठलंय."

पुढे गरम शिशाची यंत्रं आली. अण्णांनी मुंबईला एका वर्तमानपत्रात लायनो बघितलं होतं. कळा दाबल्या की पलीकडून अख्खी ओळ ओतून बाहेर, अजून हाताला चटका बसेल अशी. पण कळा नव्वद. मराठीची शेकडो रूपं त्यात बसवायला अक्षरं मोडून शेजारी शेजारी लावावी लागली आणि एक काना चुकला तरी सगळी ओळ पुन्हा ओतायची. अण्णा चिमट्यानं तेवढा खिळा उपटून दुसरा बसवत. ते यंत्र बघून ते थक्क झाले होते, पण आपल्या स्टिकवरचा त्यांचा जीव कमी झाला नाही.

कोकणातला पावसाळा हा वेगळाच ताप. शाई लावायचे रूळ सरस आणि गुळाचे, दमट हवेत ते पाघळायचे. जूनपासून हाताला रुळाचा चिकटपणा आणि घरभर शाईचा वास.

नव्वदच्या दशकात गावात डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं, लग्नपत्रिका तिकडे गेल्या. अण्णा थकले होते. टाइप किलोवर विकायचं ठरलं. केस उचलून पोत्यात ओतल्या त्या मी. चार केस ओतायला दहा मिनिटंही लागली नाहीत. अण्णा दारात उभे होते, काही बोलले नाहीत. वजनाचे पैसे बरे आले. त्या केसमध्ये कुठे काय होतं हे कागदावर उतरवून घ्यायचं मात्र मला सुचलं नाही. अण्णा त्यानंतर सहा वर्षं होते. विचारलं असतं तर एका दुपारी त्यांनी सगळं सांगितलं असतं.

म्हणून दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेला 'श्री'चा एकटा खिळा मला बघवत नाही. खिळा कुठेही मिळेल, त्याची जागा मिळणार नाही. बंद पडलेल्या छापखान्याचे फोटो काढायला जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मशीन सोडा, आधी केसचा फोटो काढा. बरोबर वरून, प्रत्येक खण दिसेल असा. आणि तिथला जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, हयात असेल तर त्याला स्टिक हातात द्या आणि त्याच्या हाताचा व्हिडिओ घ्या.

परवा खंडेनवमीचा फोटो स्कॅन केला. अण्णांच्या मागे टेबलावर सुतळीनं बांधलेला खिळ्यांचा मजकूर आहे, हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. मोबाइलवर फोटो उलटा फिरवला तेव्हा वरची ठळक ओळ लागली: 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. लग्नसराईत हे असंच बांधून ठेवलेलं असायचं, खालची नावं तेवढी बदलायची.

त्या दिवसापासून मी आठवून आठवून केसचा नकाशा काढतोय. समोरची केस जवळजवळ भरली. काना, वेलांट्या, र, न, स जागेवर आहेत. डावीकडचे तेवीस खण रिकामे आहेत. ळ वरच्या रांगेत होता असं वाटतं, खात्री नाही. क्ष आणि ज्ञ शेजारी होते का? 'वाऱ्या'तला अर्धा र कुठे टाकायचे? तुमच्यापैकी कुणी किंवा तुमच्या घरातल्या कुणी मराठीची जुळणी केली असेल तर खाली लिहा. नकाशाचा फोटो सोबत जोडलाय, त्यावरच खुणा करून पाठवलात तरी चालेल.