एकतारी सॅमन

रव्याच्या लाडवांचा पाक ज्याचा एकदा तरी चुकला आहे, त्याने तेरियाकी सॅमनच्या वाटेला जाताना जरा बिचकावं. ज्याचा कधीच चुकला नाही त्याने तर जास्तच. मासा बिचारा बारा मिनिटांत होतो. त्याच्या अंगावर जो तकतकीत गोड-खारट थर चढवायचा असतो, तो माणसाचा अंत पाहतो. ‘तेरी’ म्हणजे तकाकी आणि ‘याकी’ म्हणजे भाजणं, त्यामुळे अट नावातच घातलेली आहे. तकाकी आली नाही तर तुमच्या ताटात सोया सॉस सांडलेला मासा आहे, बाकी काही नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. जपानी घरांत तेरियाकी सहसा ओव्हनमध्ये करत नाहीत. ती फ्रायपॅनमध्ये होते, आणि तिचा मानाचा मासा म्हणजे हिवाळ्यातला चरबीदार ‘बुरी’. शेगडीच्या पोटात मासे भाजायचा एक खण असतो, पण त्यात पाक लावलेला मासा घातलात तर रात्री अकरापर्यंत जाळी घासत बसावं लागतं. म्हणून आम्ही टोकियोच्या निशिकासाईतली मंडळी ओव्हन-रेंजकडे वळतो. हा मायक्रोवेव्ह आणि ओव्हन यांचा संयुक्त संसार. कुठल्याही संयुक्त संसारासारखाच तोही दोन्ही बाजूंना थोडा थोडा नाराज ठेवतो.

खरी फसगत त्याआधी, दुकानात होते. सॅमनला इथे ‘साके’ म्हणतात आणि तांदळाच्या दारूलाही ‘साके’च. कृतीत दोन्ही लागतात, त्यामुळे ‘साकेवर एक चमचा साके शिंपडा’ असं वाक्य गंभीर चेहऱ्याने वाचावं लागतं. खायच्या माशाला बरेच जण ‘शाके’ म्हणतात, तेव्हा शाळेत संस्कृत घेतलेल्यांना निदान नावापुरतं तरी शाकाहाराचं पुण्य लागतं.

मग येते लेबलाची परीक्षा. मराठी माणूस इथे लिपी शिकतो ती करीच्या खोक्यावरून. ‘अमाकुची’ म्हणजे सौम्य आणि ‘काराकुची’ म्हणजे तिखट, इतकं कळलं की त्याला वाटतं आपण आता दुकानात एकटे जाऊ शकतो. दारूच्या बाटलीवर तेच ‘काराकुची’ म्हणजे कमी गोड. आणि सॅमनच्या पाकिटावर? तिथे तिखटाचाही संबंध नाही आणि गोडाचाही नाही. तिथे तो मिठाचा हिशेब असतो. ‘अमाकुची’ म्हणजे बेताचा खारवलेला, ‘काराकुची’ म्हणजे थेट आपल्या खाऱ्या माशाचा चुलतभाऊ. त्यात ‘अमाजिओ’ असाही एक शब्द आहे, शब्दशः ‘गोड मीठ’. हा वाचून ज्याने मासा घरी आणला आणि वर शोयूचा, म्हणजे जपानी सोया सॉसचा, पाक घातला, त्याने जेवणानंतर तांब्याभर पाणी उशाशी घेऊन झोपावं.

आपल्याला हवा तो ‘नामा’ लिहिलेला, म्हणजे न खारवलेला. खात्री करायची तर घटकांची यादी पाहावी. तिथे मीठ लिहिलेलं असेल तर पाकीट परत ठेवावं. खारवलेलाच घरी आला असेल तर १ लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ घालून त्यात तीन-चार तास बुडवायचा. खारटपणा काढायला खारं पाणी हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण साध्या पाण्यात कडा पाणचट होतात आणि मधला भाग खारटच राहतो. हलक्या खाऱ्या पाण्यात मीठ सावकाश आणि सारखं उतरतं. इतकं करूनही मी त्याला तेरियाकी करणार नाही. तो नुसता भाजून गरम भाताबरोबर खावा आणि पाकाचा बेत पुढच्या आठवड्यावर ढकलावा.

‘नामा’ म्हणजे कच्चा खाण्याजोगा, असाही अर्थ काढू नये. बाजूला ‘कानेत्सुयो’ लिहिलेलं असतं, म्हणजे शिजवून खाण्यासाठी. समुद्रातल्या सॅमनमध्ये अनिसाकिस नावाचा बारीक जंत असू शकतो, म्हणून जपानी लोक पूर्वी सॅमन कच्चा खातच नसत. सुशीवरचा केशरी सॅमन ही १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव मासा खपवण्यासाठी केलेल्या खटपटीची कमाई. मूळ जपानी म्हणून ज्याचे फोटो आपण घरी पाठवतो, तो पदार्थ बहुतेकांच्या धाकट्या मावशीपेक्षा लहान आहे.

मासा कोणता, यावर सगळी वेळ अवलंबून. नॉर्वेचा पाळीव सॅमन चरबीने भरलेला असतो, एखाद-दोन मिनिटं जास्त झाली तरी रुसत नाही. शरद ऋतूत होक्काइदोहून येणारा ‘आकिसाके’ स्वस्त आणि चवीला छान, पण अंगाने कोरडा. दोन मिनिटं पुढे गेलं की भुसा. पहिल्यांदा करणाऱ्याने नॉर्वेच्या माशावर पैसे घालवावेत.

मुंबईकरांसाठी एक खुलासा. हॉटेलच्या मेनूवर ‘इंडियन सॅमन’ लिहिलेला मासा म्हणजे आपला रावस, आणि रावसाचं सॅमनशी कसलंही नातं नाही. पाक त्यालाही शोभतो. मात्र चरबी कमी असल्यामुळे आधी तेलाचा हात लावावा आणि दोन मिनिटं लवकर काढावा.

आता बाटल्या. चार तुकड्यांना, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम माशाला, शोयू ३ मोठे चमचे, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) ३, साके २ आणि साखर १. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर. आपला पोह्यांचा चमचा घराघरांत वेगळा असतो, त्याच्या भरवशावर राहू नये. शोयू ‘कोइकुची’, म्हणजे नेहमीचा गडद, घ्यावा. ‘उसुकुची’ म्हणजे फिक्या रंगाचा, आणि फिका म्हणून कमी खारट असेल असं वाटतं, तर तो उलट जास्त खारट. (गोड मीठ, खारट फिकेपणा, हा देश सरळ बोलतो कधी, हे मला अजून कळायचं आहे.) चायनीज भेळीत पडणारा काळाकुट्ट सोया सॉस मात्र इथे चालत नाही. त्यातला रंग आधीच काळा, तो आटला की मासा डांबरी रस्त्यावरून उचलून आणल्यासारखा दिसतो.

मिरिनचंही तसंच. ‘होन्मिरिन’ खरा, चिकट तांदळाचा, सुमारे १४ टक्के अल्कोहोलचा. त्याच्या शेजारी निम्म्या किमतीत ‘मिरिन-फू’ उभा असतो. ‘फू’ म्हणजे ‘च्यासारखा’. तो साखरेचं सरबत असतो, अल्कोहोल १ टक्क्याच्या आत. गोडी येते, पण माशाचा वास कमी करायचं काम त्याला जमत नाही. स्वयंपाकाच्या साकेत दोन-तीन टक्के मीठ मुद्दाम घातलेलं असतं, कारण मग ती प्यायची दारू राहत नाही आणि दारूवरचा कर चुकतो. तीच वापरत असाल तर शोयू अर्धा चमचा कमी करावा.

पाक. इथे आपण जपान्यांच्या दोन पावलं पुढे असायला हवं, कारण आपल्या भाषेत एकतारी आहे, दोनतारी आहे, गोळीबंद आहे. तरी चुकतो, कारण तार बघायची वेळ आपण चुकवतो. छोट्या पातेल्यात सगळं एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. पहिली दोन मिनिटं बुडबुडे बारीक आणि घाईचे असतात, अल्कोहोलचा झणका नाकात जातो. पाचव्या-सहाव्या मिनिटाला बुडबुडे मोठे, आळशी आणि तकतकीत होतात, एकमेकांवर चढून फुगतात आणि फुटताना जड आवाज करतात. त्या क्षणी गॅस बंद. पातेल्यात पाहिलं तर पाक पातळच दिसेल आणि हात ‘अजून एक मिनिट’ म्हणून शिवशिवेल. तो एक मिनिट घातक. गरम पाक नेहमी आहे त्याहून पातळ दिसतो. बशीत थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, मग चिमटीत धरून तार पाहा. जेमतेम एक तार तुटत तुटत आली की झालं. सव्वाशे-दीडशे मिलिलिटरचा साधारण निम्मा उरतो. पुढे गेलात तर शोयूची चिक्की होते. ती खारट असते आणि दाताला चिकटली की बोलणं बंद पाडते. जास्त आटलाच तर चमचाभर साके घालून पुन्हा सैल करता येतो. पाणीही चालतं, पण चव उतरते.

घाईवाले लोक अर्धा छोटा चमचा बटाट्याचं स्टार्च कालवून घालतात. दाट होतो लगेच, पण तकाकीऐवजी जेली येते. मला पसंत नाही. तुमचं तुम्ही पाहा.

माशाची तयारी करताना मराठी हाताला आवर घालावा लागतो. तुकडी समोर आली की तो आपोआप हळद-तिखटाच्या डब्याकडे जातो. इथे फक्त मीठ, चारही तुकड्यांना मिळून अर्धा छोटा चमचा, आणि दहा-पंधरा मिनिटं. वर सुटलेलं पाणी टिपून टाकायचं, कारण वास त्या पाण्यात असतो. शिवाय ओल्या माशावर पाक चढत नाही, रेनकोटवरून पाणी ओघळावं तसा ओघळतो. या मिठाने आणखी एक काम होतं. सॅमन तापला की बाजूंनी खरवसासारखं पांढरं काहीतरी बाहेर येतं. ते माशातलं प्रथिन, खायला निरुपद्रवी, दिसायला मात्र पाहुण्यांपुढे मान खाली घालायला लावणारं. मीठ लावून ठेवलं की कमी येतं, आणि आच जास्त झाली की हमखास येतं.

ट्रेवर घालायचा कागद ‘कुकिंग शीट’. त्याच्याच शेजारी तसल्याच खोक्यात ‘किचन पेपर’ असतो. तो टिपायचा कागद. तो ओव्हनमध्ये घातलात तर छतावरचा अलार्म जागा होतो आणि जपानी बाई शांतपणे ‘काजी देस, काजी देस’ म्हणू लागते. हा काजी निकाहाचा नव्हे, ‘काजी’ म्हणजे आग.

ओव्हन २०० अंशांवर तापवा. तो तयार झाल्याची शीळ घालतो, त्यावर विश्वास ठेवू नका. हवा तापलेली असते, भिंती नाहीत. आणखी पाच मिनिटं द्या. मग कातडी खाली करून तुकड्या ठेवायच्या, तेलाचा पुसट हात द्यायचा आणि पहिली सहा-सात मिनिटं पाक अजिबात लावायचा नाही. सगळ्यांचं घोडं इथे पेंड खातं. आधीपासून पाक लावला तर माशाच्या आत ऊब पोचायच्या आधी वरची साखर करपते. कागदावर ओघळलेला पाक तर सगळ्यात आधी जळतो, कारण तिथला थर पातळ, आणि धूर तिथूनच निघतो. सातव्या मिनिटाला पहिला हात, तीन मिनिटांनी दुसरा, दोन मिनिटांनी बाहेर. दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकडीला एवढं पुरे. जाड भागात चॉपस्टिक हलकेच दाबली की पाकळ्या सुटायला हव्यात. थर्मामीटर असेल तर मधोमध ६० ते ६३ अंश, आणि अनिसाकिसची धास्ती असेल तर ६० अंशांवर एक मिनिट टिकलं की तो संपतो. तिसरा हात ताटात वाढताना द्यावा. ओव्हनमधल्या दोन थरांचा रंग येतो, तकाकी या तिसऱ्याची असते. कातडी मऊच राहते. कुरकुरीत हवी तर सोलून तव्यावर वेगळी परतावी.

आणि विजेचं. ओव्हन-रेंज १४०० वॉटचा असतो, म्हणजे १०० व्होल्टवर १४ अँपिअर. पाण्याची किटली १२. घराचं कनेक्शन ३०चं असेल आणि त्याच वेळी भात शिजायला लावलात, तर आठव्या मिनिटाला अख्ख्या घरात अंधार. ब्रेकर पुन्हा वर केला तरी ओव्हन काही आठवत नाही, डोळे मिचकावत शून्य शून्य दाखवतो. मासा अर्धा शिजलेला, पाक एक हाताचा, आणि किती मिनिटं झाली यावर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं मत. भात आधी करून ठेवावा.

ट्रेवर जळलेला पाक घासू नये. उकळतं पाणी ओतून वीस मिनिटं ठेवला की साखर आपोआप सुटते. काटे आणि उरलेली कातडी जळाऊ कचऱ्यात जाते, पण तो कचरा आठवड्यातून दोनदाच न्यायला येतात, आणि जुलैच्या उकाड्यात सॅमन तीन दिवस वाट पाहत नाही. त्यामुळे तो पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये, ओल्या खोबऱ्याच्या शेजारी, कचऱ्याच्या दिवसापर्यंत. पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘कचरा’ लिहून ठेवा. खोबऱ्याच्या पिशवीवर ‘खोबरं’ही लिहा, कारण सकाळी आठच्या आत खाली पोचायच्या धांदलीत हाताला येईल ती पिशवी जाते.