पेठांमधले हौद, मोबाइल आणि फील्ड प्रोजेक्टचे मार्क

फील्ड प्रोजेक्टचा रिपोर्ट स्पायरल बाइंडिंग करून विभागात जमा करायची पद्धत आता बंद व्हायला हवी, असं माझं ठाम मत झालंय. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट मिळतात, हे चांगलंच आहे. पण पुढे होतं काय? मुलं उन्हातान्हात फिरतात, माणसांशी बोलतात, फोटो काढतात आणि शेवटी ते सगळं एका कपाटात जाऊन बसतं. पुढच्या वर्षीची बॅच तोच विषय घेते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते, कारण आधीच्यांनी काय पाहिलं ते तिला सापडायची सोयच नसते.

मी टी. वाय. बी. ए.ला आहे, विषय इतिहास. यंदा आमच्या गटाने पुण्यातल्या जुन्या हौदांवर काम केलं आणि ते सुरुवातीपासून कोणालाही दिसेल, तपासता येईल अशा ठिकाणी करायचं ठरवलं. त्या अनुभवावरून हे लिहितेय. पोस्ट लांब आहे, पण शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी जरूर वाचा.

आधी हौदांबद्दल. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून शहरात दगडी नळ आणला गेला. केवळ उताराच्या जोरावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि ठिकठिकाणच्या हौदांपर्यंत यायचं. नळाच्या वाटेवर उच्छ्वास बांधलेले होते, हवा बाहेर पडायला आणि आत उतरून गाळ काढायला. काही ठिकाणी नळ इतका मोठा आहे की माणूस आतून चालू शकतो. यातलं बरंचसं आता रस्त्यांच्या आणि इमारतींच्या खाली गेलंय. बदामी हौद, काळा हौद, साततोटी ही नावं मात्र अजून पत्त्यात चालतात. रिक्षावाल्या काकांना सांगितलं की ते बरोबर नेऊन सोडतात, पण खुद्द हौद कुठे आहे असं विचारलं तर आजूबाजूचे दुकानदारही एकमेकांकडे बघतात.

आम्ही पहिलं हत्यार घेतलं ते ओपनस्ट्रीटमॅप. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा जगाचा नकाशा लोक स्वतः भरतात. खातं काढायचं, ब्राउझरमध्येच नकाशा उघडायचा, ठिपका ठेवायचा, माहिती भरायची आणि सेव्ह करायचं. काही वेळाने तो बदल जगात कुठेही दिसतो. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँडसारखी ॲप याच नकाशावर चालतात, म्हणजे आम्ही टाकलेला हौद मोबाइलला रेंज नसतानाही एखाद्याला सापडू शकतो. मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना आहे. तो आपल्या पेठांमध्ये किती ठिकाणी रिकामा आहे हे पाहिलं की काम आपोआप सुचतं. आमच्या गटातल्या ज्यांना एडिटरची भीती वाटत होती त्यांनी स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप घेतलं. तुम्ही रस्त्यावर उभे असता आणि ते विचारतं: या जिन्याला कठडा आहे का, या गल्लीत दिवे आहेत का? उत्तर दिलं की नकाशात भर पडते.

या नकाशाचा एक नियम मला फार आवडला. गुगल मॅपवरून काही उचलायचं नाही, परवाना आड येतो. स्वतः जाऊन पाहा किंवा परवानगी असलेला स्रोत वापरा. हा नियम नसता तर आमच्यापैकी निम्मे जण हॉस्टेलमधून हललेच नसते. जाऊन पाहावं लागलं म्हणून कळलं की एका हौदाला पायऱ्या आहेत, एकात आजही पाणी आहे आणि एकाच्या काठावर आता गाड्या लागतात. हौदाची नोंद काय म्हणून करायची, टाकं म्हणून, कारंजं म्हणून की ऐतिहासिक बांधकाम म्हणून, यावर आमच्यात वाद झाले. वर्गात वर्षभर एवढी बारकाईची चर्चा झाली नव्हती. एक हौद खाजगी वाड्यात आहे. तिथल्या आजींनी आत बोलावून दाखवला, चहाही दिला, पण ‘नकाशावर टाकू नका, लोक येत राहतील’ असं सांगितलं. आम्ही टाकला नाही. माहिती खुली असणं आणि माणसाचं घर खुलं असणं यातला फरक त्या आजींनी आम्हाला समजावला. ही गोष्ट अभ्यासक्रमात असायला हवी.

फोटोंबद्दल एक व्यवहाराची गोष्ट, कारण यात बहुतेक गटांचं नुकसान होतं. सगळे जण फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे दाबून लहान होतो आणि कधी, कुठे काढला ही फोटोत दडलेली माहितीही निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते. आम्ही मूळ फोटो थेट विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या फोटोसंग्रहात, चढवले, काढणाऱ्याच्या नावानिशी. सार्वजनिक जागेत कायमच्या असलेल्या वास्तू आणि शिल्पांचे फोटो काढायला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मोकळीक देतं, हेही तेव्हाच वाचलं. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे कोणी शिकवत नाही. का नाही?

पण नकाशावर ठिपके पडल्यावर मला एक गोष्ट खटकायला लागली आणि आमच्या प्रोजेक्टमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग तिथून सुरू झाला. नकाशा विचारतो की हौद कुठे आहे, नाव काय, कशाचा बांधलेला. तिथून पाणी कोणाला भरता येत होतं, हे नकाशा विचारत नाही. तसा रकानाच नाही. पुण्याच्या पाण्याचा इतिहास तर त्या प्रश्नाशिवाय अपुराच आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, कारण शहरातलं पाणी त्यांना खुलं नव्हतं. आज फरासखान्याजवळ असलेला बाहुलीचा हौद सत्यशोधक डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानग्या मुलीच्या, काशीबाईच्या स्मरणार्थ बांधला आणि तो सगळ्या जातींसाठी ठेवला. ओपनस्ट्रीटमॅपवर हे दोन हौद आणि पेशवाईतला एखादा हौद एकसारखेच दिसतात, तीन निळे ठिपके. कोणतंही साधन वापरताना ते काय विचारतं याइतकंच ते काय विचारत नाही याकडे विद्यार्थ्याने पाहिलं पाहिजे, आणि जे सुटलंय त्यासाठी दुसरं साधन शोधलं पाहिजे.

म्हणून आम्ही टाइमलाइनजेएस घेतलं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने ते बनवलंय. गुगल शीटमध्ये तारीख, मजकूर आणि फोटोचा पत्ता भरला की सरकवत पाहता येणारी कालरेषा तयार होते. कोडिंगचा एक शब्दही येत नसताना जमतं. कात्रजच्या नळापासून फुल्यांच्या हौदापर्यंत आणि तिथून पानशेत धरण फुटण्यापर्यंत सगळं ओळीने लावल्यावर, पाणी कोणी आणलं आणि कोणी वाटलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हाला स्वतःलाच पहिल्यांदा नीट दिसलं.

हौदांवरचा लेख आम्ही मराठी विकिपीडियावर लिहिला. तो १ मे २००३ ला सुरू झाला, म्हणजे आमच्या वर्गातल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठाच. तिथे नवख्यांनी सराव करण्यासाठी धूळपाटी आहे, शंका विचारायला चावडी आहे. आमच्या एका वाक्यापुढे कोणीतरी ‘संदर्भ हवा’ असा शिक्का मारला आणि मग आम्ही १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या (सरकारी माहितीग्रंथाच्या) पुणे खंडापर्यंत पोचलो. तो नेटवर फुकट वाचायला मिळतो. एका अनोळखी माणसाने एका ओळीत आमच्याकडून जे करून घेतलं ते मार्कांच्या धाकाने झालं नसतं. वाद घालायला चर्चापान होतं आणि तिथे वादसुद्धा पुराव्यानेच घालावा लागतो.

आता सोशल मीडिया. त्याला सरसकट शिव्या देणाऱ्यांपैकी मी नाही. आम्ही इन्स्टाग्रामवर रील टाकलं, ते भरपूर पाहिलं गेलं. पण कॅप्शनमध्ये दिलेल्या लिंकवर टॅप करता येत नाही आणि स्टोरी चोवीस तासांत जाते. रील पाहून नकाशापर्यंत आलेला एकही माणूस मला माहीत नाही. फेसबुकवर मात्र आमच्या पोस्टखाली कसबा पेठेतल्या एका काकांनी लिहिलं की १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यानंतर घरच्या नळाला पाणी नव्हतं, तेव्हा त्यांच्या आईने अशाच एका हौदावरून हंडे भरून आणले होते. आम्ही त्यांच्या घरी गेलो. काकांनी सगळं सविस्तर सांगितलं: रांग कशी लागायची, पाणी गाळायला कोणतं फडकं वापरायचे, शेजारच्या वाड्यातलं कोण आधी नंबर लावायचं.

ही आठवण विकिपीडियावर जाऊ शकत नाही. प्रकाशित संदर्भ नाही, आणि तो नियम योग्यच आहे. ती फेसबुकच्या कमेंटमध्ये राहिली तर पुढच्या पावसाळ्यात कोणालाच सापडणार नाही. म्हणून काकांच्या परवानगीने आवाज रेकॉर्ड केला आणि इंटरनेट अर्काइव्हवर ठेवला. १९९६ पासून चालू असलेलं हे ग्रंथालय कोणाकडूनही असं साहित्य फुकट घेतं. सोबत विषय, ठिकाण आणि रेकॉर्डिंगची तारीख लिहिली. माझं म्हणणं एवढंच आहे की माणसं शोधायला सोशल मीडियासारखं दुसरं काही नाही, पण त्या माणसांकडून मिळालेलं तिथेच ठेवलं तर ते गेलंच म्हणून समजा.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला घरून इन्स्टावर खातं काढायची परवानगी नाही. रील, लाइव्ह, सेल्फी यातल्या कशातच ती नव्हती, आणि तिने काही केलं नाही असं इतर गटांना वाटत होतं. विकिपीडियावर टोपणनाव चालतं, चेहरा लागत नाही. आमच्या लेखातला सगळ्यात नेमका मजकूर तिचा आहे आणि लेखाचा इतिहास उघडला की तिच्या प्रत्येक संपादनाची वेळ दिसते. सादरीकरणाच्या दिवशी आम्ही तेच पान पडद्यावर लावलं. कॅमेऱ्यासमोर उभं राहता येणं म्हणजेच डिजिटल कौशल्य, असं जे चाललंय त्याने अशा कितीतरी मुली मागे पडतात, आणि याचा मला मनापासून राग येतो.

शिक्षकांसाठीही या इतिहासाच्या पानाचं मोल आहे. आज चॅटजीपीटीकडून रिपोर्ट लिहून घेणं सोपं आहे आणि तो कोणी लिहिला हे शोधण्यात सर-मॅडमचा वेळ जातो. संपादनांच्या यादीत कोणी, कधी, काय भर घातली, कोणी दुरुस्त केलं, कोणता संदर्भ नंतर आला हे ओळीने दिसतं. एआयचा मजकूर तिथेही चिकटवता येतो, नाकारत नाही. पण हौदाच्या पायऱ्या मोजायला एआय जात नाही. आणि ‘दुसऱ्याने नंतर लेख बदलला तर मार्क कशाला द्यायचे?’ याचंही उत्तर आहे: विकिपीडियावरच्या प्रत्येक आवृत्तीचा स्वतंत्र, कायमचा दुवा असतो. जमा करताना तो दुवा द्यायचा.

अडचणी खऱ्या आहेत. सगळ्यांकडे चांगला फोन नसतो. विकिपीडियावर मराठी टायपिंग शिकायला वेळ जातो. शिक्षकांवर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यात हे नवं शिका म्हणणं मला अवघड वाटतं. पण वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या पहिल्या वेब ब्राउझरमध्ये पान वाचायचीच नाही, बदलायचीही सोय होती. वेब आपल्या हातात लिहिण्यासाठीसुद्धा दिलेलं होतं. अंगठ्याने वर सरकवत राहायची सवय नंतरची आहे, आणि कॉलेजची तीन वर्षं ती मोडायला पुरेशी आहेत.

विद्यापीठाकडे आणि अभ्यास मंडळांकडे माझी मागणी साधी आहे. फील्ड प्रोजेक्टच्या मूल्यमापनात छापील रिपोर्टऐवजी खुल्या ठिकाणी केलेल्या कामाचा दुवा चालेल, असं लेखी कळवा. सक्ती नको, मुभा द्या. कोणत्या साधनावर काम करायचं ते विद्यार्थी आणि मार्गदर्शक मिळून ठरवतील.

आणि ही पोस्ट वाचणाऱ्या पेठांमधल्या मंडळींनो, तुमच्या वाड्यात किंवा गल्लीत हौद असेल, बुजवलेला असला तरी, त्याचा जुना फोटो किंवा आठवण असेल तर मेसेज करा. पत्ता जाहीर करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. रविवारी सकाळी आम्ही शुक्रवार पेठेतल्या उरलेल्या गल्ल्या फिरणार आहोत, कोणाला सोबत यायचं असेल तर तेही सांगा.