झाडांना हिरवा उजेड लागत नाही, हा दावा चुकीचा आहे

घरात दिव्याखाली रोपं वाढवणाऱ्यांमध्ये एक संदेश सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'झाडं फक्त लाल आणि निळा उजेड वापरतात. हिरवा परतवून लावतात, म्हणून तर ती हिरवी दिसतात. पांढरा दिवा म्हणजे विजेची नासाडी. नासासुद्धा जांभळे दिवेच वापरते. तेव्हा जास्तीत जास्त वॅटचा जांभळा दिवा घ्या आणि चोवीस तास चालू ठेवा.' नवखी माणसं यावर विसंबून पैसे घालतात. रोपं लांबुडकी होऊन मान टाकतात, मग 'आपल्या हाताला गुणच नाही' असं म्हणत ती नाद सोडून देतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण दोष हाताचा नसतो.

आधी हिरव्या उजेडाचं बघू, कारण बाकी सगळा डोलारा त्यावर उभा आहे. पाठ्यपुस्तकात निळ्या आणि लाल रंगापाशी दोन उंचवटे असलेला जो आलेख असतो, तो पानातून वेगळं काढून द्रावणात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा असतो. जिवंत पानाचं गणित वेगळं आहे. पानाच्या आत पेशी आणि हवेच्या पोकळ्या असतात. हिरवा प्रकाश त्यांच्यात इकडून तिकडे आपटत राहतो आणि प्रत्येक फेरीत थोडाथोडा शोषला जातो. सर्वसाधारण पान अंगावर पडलेल्या हिरव्या प्रकाशातला बहुतांश भाग, साधारण ७० ते ९० टक्के, शोषून घेतं. आपल्या डोळ्यांना दिसतो तो उरलासुरला भाग. १९७२ साली मॅक्री या शास्त्रज्ञाने २२ पिकांची पानं वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात तपासली. लाल प्रकाश सर्वांत परिणामकारक ठरला, हे खरंच. पण हिरव्यावरही प्रकाशसंश्लेषण चांगलं चाललं होतं. शिवाय लाल-निळा प्रकाश पानाच्या वरच्या थरातच संपतो, तर हिरवा खालच्या थरापर्यंत आणि काही प्रमाणात खालच्या पानांपर्यंतही पोचतो. दाट वाढलेल्या रोपांत याचा फायदा होतो.

पांढऱ्या एलईडीला नासाडी म्हणणं म्हणूनच टिकत नाही. त्याच्या आत निळी चिपच असते. तिच्यावरच्या फॉस्फरच्या (निळ्या प्रकाशाचं दुसऱ्या रंगांत रूपांतर करणाऱ्या पदार्थाच्या) थरामुळे हिरवा, पिवळा आणि लाल प्रकाश मिळतो. लाल एलईडी तेवढ्याच विजेत जास्त फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, देतात, हे मान्य. त्यामुळे अनेक चांगल्या दिव्यांत पांढऱ्याच्या जोडीला थोडे लाल एलईडी असतात, आणि ते योग्यच आहे.

जांभळ्या दिव्याची एक अडचण मात्र कुणी सांगत नाही. त्या उजेडात निरोगी पान काळपट दिसतं. खालची पानं पिवळी पडू लागली तरी ती पिवळी दिसतच नाहीत, आणि पानामागे कोळी या बारीक किडीचे ठिपके आले तरी नजरेतून सुटतात. तोच ट्रे पांढऱ्या उजेडात धरला की सगळं लगेच कळतं. रोपं वाढवायची तर ती नीट दिसली पाहिजेत.

आता नासा. लाल-निळ्या एलईडीवरचे सुरुवातीचे प्रयोग अंतराळात शेती करण्यासाठीच झाले होते. पण २०१४ साली अंतराळ स्थानकावर गेलेल्या 'व्हेजी' या यंत्रणेत लाल आणि निळ्यासोबत हिरवे एलईडीसुद्धा आहेत, जेणेकरून अंतराळवीरांना रोपं नैसर्गिक रंगात दिसावीत. दाखला द्यायचा तर पुरता द्यावा.

वॅटचा आकडा सर्वांत फसवा. खोक्यावर '१००० वॅट' लिहिलेला दिवा प्रत्यक्षात त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीच वीज ओढतो, असं सर्रास आढळतं. आणि खरा वॅट कळला तरी त्यातून फक्त किती वीज जाते ते समजतं. लुमेन हे दिव्याच्या एकूण उजेडाचं मापही माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने काढलेलं असतं. रोपासाठी विचारायचं ते हे: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन दर सेकंदाला दर चौरस मीटर पानावर पडतात? फोटॉन मोजायचं एकक मायक्रोमोल (फोटॉनची एक ठराविक, प्रचंड मोठी संख्या), आणि या मापाला पीपीएफडी म्हणतात. दिवा घेताना विजेच्या एका ज्यूलमागे (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं एकक) किती मायक्रोमोल मिळतात, हेही विचारा. चांगले एलईडी अडीचच्या पुढे जातात. विक्रेता हे दोन्ही आकडे देत नसेल तर तो दिवा घेऊ नका, असंच मी सांगेन.

मीटर नसेल तर फोनमधल्या लक्स (डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचं माप) मोजणाऱ्या ॲपने ढोबळ अंदाज येतो. पानांच्या उंचीवर वाचन घ्या आणि त्याला सुमारे ७० ने भागा. १४,००० लक्स म्हणजे साधारण २०० मायक्रोमोल. तेवढा उजेड १६ तास दिला की दिवसाला दर चौरस मीटरवर साडेअकरा मोल होतात (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). लेट्यूसला १२ ते १७ मोल मानवतात, म्हणजे दिवा जरासा खाली घेतला की काम भागेल. फळं धरणाऱ्या टोमॅटोला २० च्या वर लागतात. हा भागाकार फक्त पांढऱ्या उजेडाला लागू पडतो, जांभळ्याला नाही.

राहिले चोवीस तास. पालेभाज्यांना १४ ते १६ तास पुरतात. टोमॅटोला अखंड उजेडात ठेवलं तर पानांवर पिवळे डाग पडून वाढ खुंटते. शेवंती आणि पॉइन्सेटियाला तर फुलण्यासाठी लांब, सलग अंधारी रात्रच लागते. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी त्यांचं कळी धरणं लांबतं.