उसनी दाढ

अमळनेरमध्ये कोणत्याही घरात मुलाच्या भवितव्याचा विषय निघाला, की तो अर्ध्या तासात विप्रोच्या शेअरपाशी येऊन थांबतो. 1945 साली विप्रोची सुरुवात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून आमच्या गावात झाली आणि ज्यांनी त्याचे शेअर धीराने सांभाळले, त्यांच्या घरांना पुढे मजले चढले. आमच्या आबांनी मात्र आत्याच्या लग्नाचा मांडव घालण्यासाठी आपले शेअर विकून टाकले. त्यामुळे नीटच्या परीक्षेत 720 पैकी मला पडलेले गुण एमबीबीएसला पुरणार नाहीत, बीडीएसला मात्र पुरतील, असे दिसू लागले, तेव्हा घरातला निर्णय माझ्या आवडीवरून नव्हे, तर त्या जुन्या मांडवावरून झाला. ‘‘आज याला भाव नाही, म्हणूनच घेऊन ठेवू,’’ असे आबा म्हणाले आणि माझी दंतवैद्यकाकडे रवानगी झाली.

भाव नसल्याची खात्री नातेवाइकांनी लगेच पटवून दिली. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला उणे एक, या हिशोबात मी दोन वर्षे काढली होती. आता ‘‘एमबीबीएस नाही का मिळाले?’’ असे विचारत घरी येणारा प्रत्येक जण जाताना एक उणे गुण देऊन जात होता. मामा चोपड्याला एका जिनिंगमध्ये हिशोब लिहितात. त्यांनी चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप यांची बेरीज करून तिला बत्तीसने भागले, आणि एका दातामागे जवळजवळ दोन महिने लागत असतील तर हा धंदा आतबट्ट्याचा आहे, असे जाहीर केले. आजीचा प्रश्न थेट होता : ‘‘तुले सुई टोचता येई ना?’’ येईल, पण ती तोंडात टोचायची असते, असे मी सांगितल्यावर तिने पुन्हा कधी आपल्या गुडघ्यांचा विषय माझ्यापाशी काढला नाही.

पहिल्या वर्षी आपण पांढरा कोट घालून लोकांच्या तोंडात डोकावू, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात हाती आला मेणाचा ठोकळा. वरच्या मधल्या दाताचा दिसणारा भाग साधारण साडेदहा मिलिमीटर आणि मूळ तेरा मिलिमीटर. ही मापे ठरावीक पटीने वाढवून ठोकळ्यावर आखायची आणि कोरणीने मेण खरवडत त्यातून दात बाहेर काढायचा. मेण काढता येते, परत लावता येत नाही, हे कळेपर्यंत माझे सहा ठोकळे संपले होते. माझा दात समोरून दात दिसे आणि बाजूने फावडे. दिवाळीच्या सुटीत सराव बुडू नये म्हणून मी घरातल्या साबणाच्या वड्या कोरायला घेतल्या, आणि त्या वर्षी आमच्याकडे अभ्यंगस्नानाला प्रत्येकाने एकेका सुळ्याने अंग घासले. वडिलांच्या सुळ्याचे टोक फार अणकुचीदार झाले होते, ही माझी चूक मी मान्य करतो.

सुटीनंतर मी तीन तास खपून, माझ्या मते देखणा असा दात सरांसमोर ठेवला. त्यांनी तो बोटांत फिरवला आणि ‘‘मी 11 मागितला होता, हा 21 आहे,’’ एवढेच बोलून परत दिला. आमच्या पद्धतीत उजवीकडचा वरचा मधला दात 11 आणि डावीकडचा 21. नाकाच्या रेषेकडचा कोपरा टोकदार असतो आणि बाहेरचा गोलसर. माझे कोपरे उलटे पडले होते. दात म्हणजे काही मोजा नव्हे, डाव्याचा उजव्याला चालत नाही.

दुसऱ्या वर्षी मेण संपले आणि खरे दात गोळा करून आणण्याचा हुकूम झाला. येथे एक विचित्र अडचण आहे. कॉलेजला हवी असते शाबूत दाढ, आणि शाबूत दाढ कोणीच काढून घेत नाही. लोक दवाखान्यात जातात ते तिची पार पोखरलेली वखार झाल्यावर. तारा लावण्यासाठी जागा करताना पोरांच्या धडधाकट उपदाढा काढतात, त्यामुळे त्या मुबलक मिळत. वरची पहिली दाढ मात्र दुर्मीळ, आणि होस्टेलवर तिचा भाव चार उपदाढा असा पक्का झाला होता. (आबांना हे कळवले तेव्हा ते खूश झाले. भाव फुटायला सुरुवात झाली होती.)

अशा टंचाईत आमच्या गल्लीतले नाना माझ्या मदतीला धावले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या नानांची दाढ हिरड्यांच्या दुखण्याने खिळखिळी झाली होती, पण तिला कीड लागलेली नव्हती. ती काढल्यावर त्यांनी डॉक्टरांकडून मागून घेतली आणि कागदात गुंडाळून, सुटे पैसे परत करावेत तशी माझ्या तळहातावर ठेवली. अट एकच होती : दाढ उसनी आहे, काम झाले की परत द्यायची. वर गेल्यावर सगळ्याचा हिशोब जुळला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. तंबाखूने तपकिरी झालेली ती दाढ मी फॉर्मालिनच्या बाटलीत ठेवली. मी दर सुटीत गावी आलो की नाना ओट्यावरूनच विचारीत, ‘‘मनी दाढ पास व्हयनी का?’’

तिची परीक्षा अखेर आली. प्लास्टरमध्ये बसवलेल्या दाढेत दीड ते दोन मिलिमीटर खोल, सपाट तळाचा खड्डा कोरायचा होता. एअरोटर, म्हणजे दात कोरायचे यंत्र, मिनिटाला 3 लाखांहून अधिक फेरे घेतो आणि माझा हात तेव्हा त्याच्याहून थोडासाच कमी थरथरत होता. तळ सपाट करता करता तळच उरला नाही. जिथे नस असते त्या पोकळीत मी आरपार उतरलो. सरांनी या वेळी काहीच न बोलता चष्मा काढून पुसला.

पुढच्या शनिवारी मी ती दाढ कागदात गुंडाळून नानांच्या हाती दिली आणि झाला प्रकार सांगितला. त्यांनी ती उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून माझ्या भोकातून पलीकडे पाहण्याचा प्रयत्न केला आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

‘‘जाऊ दे भाऊ,’’ ते म्हणाले, ‘‘तोंडमा व्हती तवय बी ती मना काय कामनी नव्हती.’’