अझ्टेकांची ‘मृत्यूची शिटी’ : दावा काय आणि पुरावा काय

समाजमाध्यमांवर व्हिडिओसोबत फिरतोय तो दावा असा : मेक्सिकोतले प्राचीन अझ्टेक योद्धे शेकडोंच्या संख्येने कवटीच्या आकाराच्या मातीच्या शिट्ट्या फुंकत रणात उतरत, त्या किंकाळ्यांनी शत्रूची गाळण उडे, आणि व्हिडिओत ऐकू येतो तो त्याच प्राचीन शिटीचा आवाज. आता प्राण्यापक्ष्यांची तोंडं असलेल्या मातीच्या बासऱ्यांचे फोटोही ‘हे तसलंच हत्यार’ म्हणून सोबत येतात.

आधी आवाज. व्हिडिओत वाजते ती बहुतेक वेळा आजच्या कारागिरांनी केलेली, मुळापेक्षा बरीच मोठी प्रतिकृती. मूळ शिटी मुठीत मावते. तिच्या आत हवेचे झोत एकमेकांवर आदळतात, त्यामुळे स्वर न निघता खरखर उठते. हळू फुंकली तर वारा घोंघावल्यासारखी. आकार वाढवून, जीव खाऊन, माइकला चिकटवून फुंकली की किंकाळी होणारच.

आता युद्ध. मेक्सिको शहरातल्या त्लातेलोल्को इथे उत्खननात बळी दिलेल्या एका तरुणाचा सांगाडा मिळाला, दोन्ही हातांत एकेक कवटी-शिटी. जागा कुठली? एहेकात्ल या वायुदेवाचं देऊळ, रणांगण नव्हे! स्पॅनिशांनी अझ्टेकांच्या राजधानीला घातलेल्या 1521 च्या वेढ्यात लढलेला स्पॅनिश सैनिक बेर्नाल दियास देवळातल्या प्रचंड ढोलाबद्दल, शंख-शिंगांबद्दल धास्तीने लिहितो. कवट्यांच्या शिट्ट्यांचा गजर मात्र त्याच्या लिखाणात नाही. शेकडो शिट्ट्या किंचाळत असत्या, तर एवढ्या बारकाईने आवाज टिपणारा माणूस ते विसरला असता?

आणि बासऱ्यांना तर यात ओढणंच अन्यायाचं आहे. भाजक्या मातीची ही नळी उभी धरून टोकाकडून फुंकतात. बांधणीने ती आपल्या अलगुजाच्या जवळची. बोटांसाठी सहसा चार भोकं, पुढच्या टोकाला उमललेलं फूल नाहीतर एखादं पक्ष्याचं डोकं. भोकं आहेत ती सूर बदलायला. नुसतं घाबरवायला त्यांची गरजच काय?

साहागून या स्पॅनिश पाद्र्याने अझ्टेकांकडूनच ऐकून लिहून ठेवलंय : तोश्कात्लच्या सणासाठी तेझ्कात्लिपोका देवाचं रूप म्हणून निवडलेला तरुण वर्षभर फुलं हुंगत, बासरी वाजवत शहरातून हिंडे. शेवटच्या दिवशी देवळाच्या पायऱ्या चढताना तो आपल्या बासऱ्या एकेक करून फोडत जाई आणि वर त्याचा बळी दिला जाई. हे क्रूर होतंच, ते झाकायचं कारण नाही. पण त्याच नोंदीत हेही आहे, की त्या तरुणाला बासरी नीट वाजवता यावी म्हणून आधी तिचं रीतसर शिक्षण दिलं जाई.