नव्या पॉइंट गार्डची पारख: होतकरू चाहत्यांसाठी

अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात शिकायला किंवा ते ज्या गावात आहे त्या लेक्सिंग्टनात नोकरीला आला असाल, तर पहिल्या महिन्यात तीन कामं उरकून घ्या: बँकेतलं खातं, गाडीचं लायसन्स आणि विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या नव्या पॉइंट गार्डविषयी ठाम मत. पहिली दोन रखडली तर कुणीतरी मदतीला धावून येईल. तिसरं रखडलं तर मात्र ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी तुम्हाला कुणी हिंग लावून विचारणार नाही.

त्यासाठी बास्केटबॉल कळावा लागतो का? छे. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू घेऊन पुढे येणारा, डाव मांडणारा खेळाडू, एवढं पाठ असलं की झालं. खेळ बघायचं काम रप अरीनातल्या, म्हणजे संघाच्या घरच्या मैदानातल्या, कॅमेऱ्यांचं. आपलं काम तुलना करायची. दर उन्हाळ्यात अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा नावापुढे पाच तारे (शाळकरी खेळाडूंना मिळणारं सर्वांत वरचं मानांकन) लावून येतो, आणि सगळं गाव एकच प्रश्न विचारतं: हा कुणासारखा? तो पोरगा स्वतः कोण, असली क्षुल्लक चौकशी कुणी करत नाही. ह्या बाबतीत तुमची तयारी घरूनच झालेली आहे. 2018 मध्ये पृथ्वी शॉने राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं, तेव्हा त्याच्यात सचिन, सेहवाग आणि लारा तिघंही एकदम दिसले होते ना? तोच डोळा इथे वापरायचा. नंबर बदलायची गरज नाही.

सुरुवात यूट्यूबवरच्या चित्रफितीपासून करा. शाळेच्या जिममध्ये घेतलेली, मागे ढोल बडवल्यासारखं संगीत, तीनेक मिनिटांची. तीत पोरगा एकदाही चेंडू गमावत नाही, कारण गमावलेले सगळे चेंडू एडिटरच्या कॉम्प्युटरवरच राहिलेले असतात. एका जागी तो समोरच्याला असा गुंगारा देतो की बिचारा बसकण मारतो. ते चार वेळा बघा, एकदा स्लो मोशनमध्ये. बसकण मारणारा मुलगा पुढे दंतवैद्य व्हायचा आहे आणि बास्केटबॉलशी त्याचा संबंध ह्याच मोसमापुरता आहे, हा विचार मनात आणू नका. पाचव्यांदा बघून झालं की फोन खाली ठेवायचा आणि शांतपणे म्हणायचं, ‘पहिलं पाऊल बघितलंत? थेट जॉन वॉल.’

वॉलचं नाव आधी घ्यायचं ते परंपरेने. 2009 मध्ये जॉन कॅलिपारी प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी वॉलला आणलं. मोसमाआधीच्या सोहळ्यात त्याने मनगट फिरवत जो नाच केला, तो पुढे चिल्लीपिल्लीही करू लागली. आपल्या पहिल्या अधिकृत सामन्यात मायामी ऑफ ओहायोविरुद्ध शेवटच्या क्षणी विजयी बास्केट टाकलं त्यानेच. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए ह्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, पहिला क्रमांकही त्याचाच. एवढं सांगून थांबा. त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियाने केंटकीला फायनल फोरच्या, म्हणजे राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या, दारातून परत पाठवलं आणि त्या दिवशी संघाचे लांबून टाकायच्या 32 थ्री-पॉइंटरपैकी फक्त 4 पडले, हे काढलंत तर रंगाचा बेरंग होईल.

राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं ते मार्कस टीगच्या वेळच्या संघाने, 2012 मध्ये. कॅन्ससविरुद्धच्या अंतिम सामन्यात टीगचे 14 गुण होते. तरी नव्या पोराला ‘दुसरा टीग’ म्हणाल तर लोक तुमच्याकडे असं बघतील, जणू तुम्ही बारशाला जाऊन बाळाचं वजन कमी असल्याचं सांगितलंत. तो ड्राफ्टमध्ये 29 वा गेला ना! तुलना करताना किती जिंकलं हे बघायचं नसतं, पैसे किती मिळाले हे बघायचं असतं.

बाकीचे साचे पटापट सांगतो. पोरगा बुटका असेल तर टायलर युलिस. उंची 5 फूट 9 इंच, तरी 2016 मध्ये एसईसीचा (केंटकी ज्या विभागीय गटात खेळते त्याचा) सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू हे दोन्ही किताब त्याच्याच नावावर. म्हणजे ह्यापुढे प्रत्येक बुटक्या पोराने दोन्ही किताब घ्यायला हवेत. डावखुरा आणि वाऱ्यासारखा पळणारा असेल तर डीएरॉन फॉक्स. 2017 मध्ये यूसीएलएविरुद्ध त्याने 39 गुण ठोकले. पुढच्याच सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाकडून अखेरच्या सेकंदाला हरल्यावर तो बॅम अडेबायोच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. ते रडणंही तुलनेत मोजतात, ‘ह्याला तेवढी आच आहे का?’ असं विचारून. पोरगा दिवसभर चुकत असेल तर घाबरू नका, त्याच्यासाठी ब्रँडन नाइट आहे. 2011 मध्ये प्रिन्सटनविरुद्ध नाइटला अख्ख्या सामन्यात एकही बास्केट जमलं नव्हतं. शेवटच्या दोन सेकंदांत एक जमलं आणि केंटकी 59-57 ने जिंकली. तेव्हा नव्या पोराचे पहिले सात शॉट हुकले तर खुशाल म्हणा, ‘अगदी नाइट हो!’ आठवा हुकला तर बाथरूमला जाऊन या.

आपल्याकडे मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, इथे हात बघतात. दोन्ही हात पसरले की बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत किती भरतं, हा आकडा उंचीपेक्षा जास्त पवित्र. तळवे मोठे असतील तर राजॉन राँडोचं नाव घ्या. मात्र एक काळजी घ्या. राँडो 2004 ते 2006 इथे खेळत होता तेव्हा त्याने एका मोसमात 87 चेंडू हिसकावून विद्यापीठाचा विक्रम केला आणि गावाने त्याच्या शूटिंगचा उद्धार केला. 2008 मध्ये तो बोस्टनबरोबर एनबीए जिंकला आणि उद्धार करणारे सगळे एका रात्रीत गावातून नाहीसे झाले. आज लेक्सिंग्टनात राँडोवर टीका केलेला माणूस शोधून सापडत नाही.

हे सगळं विचित्र वाटत असेल तर सप्टेंबरात एकदा कीनलँडला जाऊन या. गावातच आहे. तिथे एक वर्षाच्या शिंगरांचा लिलाव असतो. शिंगरू गोलात दोन-चार चकरा मारतं आणि भोवतालची मंडळी हातातल्या जाड कॅटलॉगात बाप कोण, आई कोण, आईचा बाप कुठली शर्यत जिंकला होता हे बघून बोली लावतात. शिंगरू अजून एकही शर्यत पळालेलं नसतं. त्याच मंडळींकडून नोव्हेंबरात पॉइंट गार्डबद्दल वेगळं काही अपेक्षित आहे का? फरक एवढाच, की शिंगराची वंशावळ तरी खरी असते. नव्या पोराचा वॉलशी, फॉक्सशी काडीचाही संबंध नसतो.

आता आजोबांविषयी. अरीनात तुमच्या शेजारच्या खुर्चीत निळ्या स्वेटरमधले एक आजोबा असणारच. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्यासाठी इतिहास 1978 च्या विजेतेपदाला थांबलाय. त्यांचा माणूस काइल मेसी. फुटबॉलवाला मेस्सी नव्हे, हा आधीचा. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, घ्यायच्या आधी तो खाली वाकायचा, दोन्ही हात मोज्यांना पुसायचा आणि मग चेंडू टाकायचा. आजोबा तुम्हाला खुर्चीत बसल्या बसल्या वाकून दाखवतील, गुडघे दुखत असले तरी. मग नव्या पोरांकडे बोट करून म्हणतील, ‘आज ह्या कॉलेजात, उद्या त्या. निष्ठा म्हणून राहिली नाही.’ मान डोलवा. मेसी स्वतः पर्ड्यू सोडून केंटकीला आला होता, हे तुम्हाला माहीत असलं तरी गिळून टाका. आजोबांनाही ते माहीत आहे. तेव्हा बदली केली की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. आजोबांच्या हिशेबी त्या एका वर्षात निष्ठा भरून निघाली.

खरी पंचाईत बदल्यांच्या नव्या जमान्यात झाली आहे. 2024 मध्ये कॅलिपारी आर्कान्सॉला गेले आणि 1996 च्या विजेत्या संघाचे कर्णधार मार्क पोप प्रशिक्षक झाले, तेव्हा शिष्यवृत्तीवरचा एकही जुना खेळाडू उरला नव्हता. पॉइंट गार्ड आला तो सॅन डिएगो स्टेटमध्ये चार वर्षं काढलेला लमाँट बटलर. 2023 च्या फायनल फोरमध्ये शेवटच्या क्षणी विजयी शॉट टाकलेला, पुरता घडलेला माणूस. ह्याची तुलना करायची कुणाशी? त्याचं काय होणार ह्याचं भाकीत करायला जागाच नव्हती, आणि तज्ज्ञ मंडळी महिनाभर उपाशी राहिली. पुढे कट्टर वैरी लुइव्हिलविरुद्ध त्याने दहापैकी दहा शॉट टाकून 33 गुण केले, तेव्हा कुठे ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणायची सोय झाली. काय म्हटलं होतं, ते कुणी विचारत नाही.

एका नावापासून मात्र चार हात लांब राहा. 2017-18 च्या मोसमात केंटकीत दोन नवे पॉइंट गार्ड आले. पाच तारे क्वेड ग्रीनच्या नावापुढे होते, म्हणून साऱ्या तुलना त्याच्या वाट्याला गेल्या. दुसरा होता कॅनडाचा एक काटकुळा पोरगा, 6 फूट 6 इंच उंच, आधी फ्लोरिडाला शब्द दिलेला आणि मग इकडे वळलेला. ‘पॉइंट गार्ड म्हणून फार उंच’ ह्यापलीकडे त्याच्याबद्दल कुणाला काही सुचलं नाही. सुरुवातीला तो बेंचवरून यायचा. मोसम संपता संपता एसईसी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टेनेसीविरुद्ध त्याने 29 गुण केले. त्याचं नाव शे गिल्जस-अलेक्झांडर. 2025 मध्ये तो ओक्लाहोमा सिटीकडून एनबीएचा एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला, विजेतेपद जिंकला आणि अंतिम फेरीचा एमव्हीपीही तोच ठरला. वॉल, फॉक्स, राँडो ह्यांपैकी कुणाच्याही वाट्याला हे तिन्ही आलं नाही. कुणाशीच न जुळलेला पोरगा सगळ्यांच्या पुढे गेला, हे आपल्या शास्त्राला परवडणारं नाही. त्यावर उपाय गावाने शोधलाय: आता येणारा प्रत्येक उंच, काटकुळा पोरगा ‘दुसरा शे’ असतो. तुम्हीही म्हणा, बिनधास्त. बघता बघता तोही साचाच झाला.

एनबीएच्या नियमामुळे ह्या पोरांना शाळेनंतर वर्षभर थांबावं लागतं, म्हणून उन्हाळ्यात आलेला गार्ड चांगला निघाला तर एप्रिलात निरोप घेतो आणि वाईट निघाला तर दुसऱ्या कॉलेजात जातो. त्यामुळे तुमचं मत खोटं ठरलं तरी ते ठरेपर्यंत तो गावात नसतो. ह्याहून सुरक्षित गुंतवणूक मला तरी ठाऊक नाही.

आता राहिला टोपीचा प्रसंग, म्हणजे पोरगा कुठल्या कॉलेजात जाणार हे जाहीर करतो तो. शाळेच्या जिममध्ये टेबलावर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या मांडतात, बाजूला आई डोळे पुसत बसलेली असते, आणि पोरगा त्यातली एक उचलून डोक्यावर घालतो. हात निळ्या टोपीकडे येईपर्यंत तो फॉक्स, युलिस आणि वॉल ह्यांचा एकत्र अवतार असतो. ऐन वेळी तो हात लुइव्हिलच्या लाल टोपीकडे वळला, तर तुमच्याकडे जेमतेम दोन सेकंद असतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे सूत्र आठवा, चेहरा कोरा ठेवा आणि खोलीत सगळ्यांच्या आधी म्हणा, ‘बरं झालं. शूटिंग नव्हतंच त्याला.’